मातीतून निघालेले नाणे कोणाचे?



गेल्या पावसाळ्यात एके दिवशी असरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. त्याने खिशातून रुमाल काढून त्याची गाठ सोडली. आत सात नाणी होती. काही काळवंडलेली चांदीची, तर काही हिरवट पडलेली तांब्याची. त्याने मेटल डिटेक्टर विकत घेतला होता आणि वाट्याने केलेल्या शेताच्या बांधालगत ही नाणी त्याला सापडली होती. त्याने विचारले, "मौलाना, यातला पाचवा हिस्सा गरिबांना दिला, की बाकीची नाणी मला हलाल ना?"

या प्रश्नामागे धर्माची जाण होती, हे मान्य केले पाहिजे. जमिनीतील गाडलेल्या धनातून पाचवा हिस्सा काढावा लागतो, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? परंतु हा प्रश्न अखेरचा होता आणि त्याने तो प्रथम विचारला होता. पाचवा हिस्सा हे ज्या धनावर आपला हक्क सिद्ध झाला आहे त्याचे देणे आहे. दुसऱ्याचे धन आपले करून घेण्याची ती किंमत नव्हे. म्हणून अशा धनाबाबत कोणकोणाचे हक्क आधी तपासावेत, याचा आज आपण क्रमाने अभ्यास करू.

रिकाज आणि लुकता

शरीअतमध्ये येथे दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. प्राचीन काळी जमिनीत पुरलेले, ज्याचा मालक आता शोधणे शक्य नाही असे धन म्हणजे 'रिकाज'. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेल्या प्रसिद्ध हदीसनुसार रिकाजमध्ये पाचवा हिस्सा, म्हणजे 'खुम्स', देय आहे. जकातीप्रमाणे वर्ष पूर्ण होण्याची वाट येथे पाहावयाची नसते. हनफी मतानुसार त्याला निसाबाचीही अट नाही. शाफई मतानुसार, ज्याचे अनुसरण आपले कोकणातील बांधव करतात, ते धन सोने अथवा चांदी असावे आणि निसाबाएवढे असावे.

दुसरी संज्ञा 'लुकता'. कोणाची तरी हरवलेली वस्तू आपल्या हाती लागली तर ती लुकता होय. तिच्यावर मालकाचा हक्क कायम असतो. हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांच्या हदीसमधून हा नियम कळतो, की वस्तूची पिशवी आणि ती बांधलेली दोरी नीट ओळखून ठेवावी, वर्षभर तिची जाहीर वाच्यता करावी आणि मालक आला तर ती त्याच्या स्वाधीन करावी. मालक न आल्यास हनफी मतानुसार शोधणारा स्वतः गरजू असेल तर ती वापरू शकतो. सधन असेल तर त्याने मालकाच्या वतीने ती सदका करावी. शाफई मतानुसार तो ती वापरू शकतो, परंतु पुढे मालक आल्यास भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते.

मग मातीतले नाणे यांपैकी कशात मोडते? फकीहांनी याचा निर्णय नाण्यावरील चिन्हांवरून करावयास सांगितले आहे. मुस्लिम राजवटीची खूण असेल, उदाहरणार्थ शाहजहानच्या रुपयावर असतो तसा कलमा, तर ते लुकता समजावे. सातवाहनांच्या नाण्यावरील हत्तीसारखे चिन्ह असेल तर ते रिकाज. नाणे झिजून चिन्हच ओळखू येत नसेल, तर अंदाजाने न ठरवता जाणत्या मुफ्तींकडे जावे. लक्षात घ्या, नाणे घासूनपुसून चकचकीत करण्याच्या घाईत त्यावरची अक्षरे गेली, तर इतिहासाची हानी तर होतेच, पण शरीअतचा हुकूम ज्यावर उभा आहे तो पुरावाही नष्ट होतो.

जमीन कोणाची?

दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीत सापडलेली ठेव शोधणाऱ्याची होत नाही, असे बहुतांश फकीहांचे मत आहे. इमाम अबू यूसुफ (रह.) यांचा कल शोधणाऱ्याकडे आहे, परंतु मालकाला न विचारता त्याचे शेत उकरण्याची मुभा त्यातून कोणी काढू नये.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक वृत्तांत आहे. एका माणसाने दुसऱ्याकडून जमीन विकत घेतली आणि तीत त्याला सोन्याने भरलेला घडा सापडला. तो घडा घेऊन तो विकणाऱ्याकडे गेला. आपण केवळ जमीन घेतली आहे, सोने नव्हे, असे त्याचे म्हणणे. विकणाऱ्याचे म्हणणे असे, की जमीन दिली तेव्हा तिच्यातील सर्व काही दिले. दोघेही सोने नाकारीत न्याय मागावयास गेले. निवाडा करणाऱ्याने एकाच्या मुलाचा दुसऱ्याच्या मुलीशी विवाह ठरविला आणि ते धन त्या दोघांवर खर्च करून त्यातून दानही करावयास सांगितले. आपल्याकडे बांधाच्या हातभर जमिनीवरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तेथे मात्र घडाभर सोने घेण्यास दोन परके राजी नव्हते.

भिंत उभारणारा आणि हातोडा शोधणारा

सूरह कहफमधील हजरत मूसा (अलै.) व हजरत खिज्र (अलै.) यांचा प्रसंग आपण दर शुक्रवारी वाचतो. ज्या गावाने त्यांना अन्नही दिले नाही, त्याच गावातील एक कोसळू पाहणारी भिंत हजरत खिज्र (अलै.) यांनी मोबदला न घेता उभी केली. तिच्याखाली दोन अनाथ मुलांचे धन पुरलेले होते आणि ती मुले वयात येऊन स्वतः ते काढून घेईपर्यंत ते सुरक्षित राहावे, ही अल्लाहची इच्छा होती. येथे थांबून विचार करा. धन कोठे आहे हे ज्यांना माहीत होते, त्यांनी कुदळ घेतली नाही. त्यांनी भिंत सावरली. ज्ञान मिळाले म्हणून मालकी मिळाली नाही. केवळ जबाबदारी वाढली.

आपल्या काळातही अशी वागणूक अशक्य नाही, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील आहे. मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळण्याचा छंद त्या देशात बराच रुजलेला आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एरिक लॉज नावाचे सेवानिवृत्त गृहस्थ एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधीत होते. यंत्र वाजले आणि मातीतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघू लागली. त्यांनी थोडेसे काढले आणि हात आवरला. जमिनीची मालकी असलेल्या स्थानिक प्रशासनाला व पोलिसांना त्यांनी कळविले. पुरातत्त्वज्ञांनी येऊन बाकीची ठेव शास्त्रशुद्ध रीतीने काढली. रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातील सुमारे १५,००० नाणी तीत होती. ठेव जागच्या जागी राहिल्यामुळे ती लाकडी पेटीत कशी रचली होती, आत लहान पेट्या कशा होत्या, हेही कळू शकले. पिशवी आणि दोरी ओळखून ठेवण्याची जी शिकवण आपण वर पाहिली, तिच्याशी हे किती जुळते! कायद्याने त्यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि ते त्यांनी त्या शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. तो हातोडाही पुढे सापडला. आज तोही ब्रिटिश म्युझियमच्या संग्रही आहे.

याच देशात २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातील ठेव सापडली. त्यांनी जमीनमालकाची परवानगी घेतली नव्हती आणि ठेव सरकारलाही कळविली नाही. नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज आहे. खटला उभा राहिला तेव्हा त्यांतील थोडीच हाती आली होती, बाकीची गुपचूप विकली गेली होती. २०१९ साली दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. नियमाने वागले असते, तर बक्षिसाचा मोठा वाटा त्यांना हक्काने मिळू शकला असता. लोभाने त्यांच्या हातचे हलालही घालविले.

ठेव एकत्र राहिली तर

विखुरलेल्या नाण्यांमुळे समाजाचे काय नुकसान होते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, याचा एवढा ठसठशीत पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. हीच नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती, तर काही तोळे चांदी उरली असती आणि इतिहासाचे एक पान कायमचे गेले असते. हा हक्क पुढच्या पिढ्यांचा आहे.

देशाचा कायदा

केलेले करार पाळण्याची आज्ञा कुरआनने दिली आहे, आणि नागरिकत्व हाही एक करारच आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे आणि ती सरकारी कोषागारात जमा करणे, अथवा तिच्याबद्दल जामीन देणे, बंधनकारक आहे. त्यानंतर जाहीर सूचना निघते आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख दिली जाते. ठेव बेवारस ठरली आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा समझोता नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळते. सरकारला ती स्वतःकडे घ्यावयाची असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. लपविणाऱ्याला मात्र आपला वाटा गमवावा लागतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित किल्ले व स्मारकांच्या परिसरात तर परवान्याविना खोदकामच करता येत नाही.

यासोबत एक इशारा आवश्यक आहे. 'गुप्तधन' काढून देतो म्हणणाऱ्या भोंदूंच्या मागे आपलेही काही लोक लागतात. गैबचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे. अशा माणसाच्या दारात पाऊल टाकणे म्हणजे धन मिळण्यापूर्वीच ईमान गहाण टाकणे होय.

त्या तरुणाचे काय झाले?

मी त्याला एवढेच विचारले, "बेटा, शेत कोणाचे आहे, आणि त्यांना हे माहीत आहे का?" तो गप्प राहिला. शेतमालक पुण्यात राहत होते आणि एका व्यापाऱ्याने 'बोभाटा न करता' नाणी घेण्याची तयारी दाखविली होती. दोन दिवस तो मस्जिदीत दिसला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो कोरा कागद घेऊन. त्याने मालकांना फोनवर सारे सांगितले होते आणि आता जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाचा अर्ज त्याला लिहून हवा होता. आम्ही दोघांनी मिळून तो लिहिला. त्या अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. नाणी परत मिळतील की नाही, त्याला माहीत नाही. मात्र तो म्हणाला, "मौलाना, रुमाल दिल्यापासून झोप चांगली लागते."

आज रात्री घरातील मुलांना जवळ बसवून एक प्रश्न विचारा: रस्त्यात कोणाचे पाकीट सापडले आणि पाहणारे कोणी नसले, तर काय कराल? उत्तर ऐका आणि मग भिंत उभारणाऱ्या हजरत खिज्र (अलै.) यांची कथा सांगा. जमिनीत पुरलेले माणसाच्या नजरेआड राहते. अल्लाहच्या नजरेआड काहीही नाही. आपल्या हाती येणारी प्रत्येक वस्तू प्रथम अमानत म्हणून पाहण्याची बुद्धी तो आपणा सर्वांना देवो. आमीन.