एआरडीएस : फुप्फुसात पाणी, दोष हृदयाचा नव्हे

तापाच्या रुग्णाला धाप लागली की घरची माणसे म्हणतात, 'अशक्तपणा आहे, पडून राहा.' या एका समजुतीपायी मोलाचे तास वाया जातात. म्हणून तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह, म्हणजेच एआरडीएस, या विकाराची ओळख येथे करून देत आहे.

१९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉ. ॲशबॉ, डॉ. पेटी व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात १२ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. कोणाला जबर इजा झालेली, कोणाला विषाणूंचा संसर्ग, एकाला स्वादुपिंडाचा दाह. कारणे वेगळी, पण चित्र एकच : जलद श्वास, प्राणवायू देऊनही न हटणारा निळेपणा आणि ताठर झालेली फुप्फुसे.

असे का होते? फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या भोवती केशवाहिन्यांचे जाळे असते आणि दोहोंमधील पडदा अत्यंत पातळ असतो. शरीरात दाह उसळला की हा पडदा झिरपू लागतो व प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत भरतो. हृदय थकले तरी फुप्फुसात पाणी साचते. पण तेथे रक्ताचा दाब वाढून पाणी बाहेर ढकलले जाते. येथे मात्र भिंतच फुटकी! वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध थरही नष्ट होतो, ते मिटतात, आणि त्यांच्याजवळून जाणारे रक्त प्राणवायूविनाच परतते. नाकाशी नळी लावूनही रुग्ण निळा का राहतो, याचे उत्तर हे आहे.

न्यूमोनिया आणि रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग ही प्रमुख कारणे. उलटी श्वासनलिकेत जाणे हे आणखी एक. म्हणून बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. दीर्घकाळच्या मद्यपानाने धोका वाढतो. आपल्याकडे फाल्सिपेरम मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांतूनही हा विकार उद्भवतो. गटारात किंवा भातखाचरात उतरणाऱ्यांना लेप्टोचा धोका विशेष. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला. २०२० पासून कोविडने तर हा विकार घरोघरी पोचवला.

२०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार मूळ आजारापासून आठवड्याच्या आत त्रास सुरू होणे, क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना पांढुरक्या छाया दिसणे व केवळ हृदयविकाराने त्यांचा उलगडा न होणे या खुणा होत. रक्तातील प्राणवायूही ठरावीक मर्यादेखाली गेलेला असावा लागतो.

फुप्फुस बरे करणारे हुकमी औषध अद्याप नाही. 'मशीनला लावले म्हणजे संपले' असे नातेवाईक म्हणतात, ते खरे नव्हे. व्हेंटिलेटर मूळ आजारावरील उपचारांना वेळ मिळवून देतो. मात्र श्वास लहान हवा. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले, असे २०००च्या अमेरिकी अभ्यासात आढळले. अत्यवस्थ रुग्णाला दिवसातून १६ तास पालथे निजवण्याचाही लाभ होतो.

घरी एवढे करता येते : विसावलेल्या रुग्णाची छाती मिनिटभर न्याहाळून श्वास मोजावेत. प्रौढात ते साधारण १२ ते २० असतात. ३० च्या आसपास गेले, ओठ निळसर दिसले किंवा बोलताना वाक्य तुटू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.