पोहताना वेळ मोजा, पण नीट मोजा!

मध्यंतरी पन्नाशीतले एक गृहस्थ तारोडीतल्या माझ्या दवाखान्यात आले. रोज तलावात ५० मीटरच्या दहा फेऱ्या मारतात. म्हणाले, "डॉक्टर, वेग चांगला आहे, पण सहाव्या फेरीनंतर गरगरते." वेळ कशी मोजता, असे विचारले. फेरीची वेळ ते घड्याळात पाहत. मधली विश्रांती मात्र अंदाजाने घेत. दमल्यावर दहा सेकंदही अर्ध्या मिनिटासारखे वाटतात! रक्तदाब तपासला, तो बराच वाढलेला होता. पोहणे थांबवून आधी उपचार सुरू केले.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे ५० मीटर फ्रीस्टाइलमधील कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. आपल्याला इतकी अचूकता नको. पण एका सेकंदापर्यंतचा हिशेब हवाच.

रीत सोपी आहे. मनगटावरचे बटण दाबण्यात वेळ जातो, म्हणून सेकंदकाटा असलेले मोठे घड्याळ काठावर दिसेल असे ठेवावे. काटा ६० वर येताच भिंतीला पाय रेटून निघावे. शेवटी हात भिंतीला टेकताच प्रथम काटा पाहावा, मग चष्मा सारावा.

विश्रांती किती घ्यायची यापेक्षा पुन्हा केव्हा निघायचे ते ठरवावे. समजा, दर दीड मिनिटाने निघायचे आहे. पहिली फेरी ६० वर, दुसरी ३० वर, तिसरी पुन्हा ६० वर. तिसावर निघून काटा ३५ वर असताना पोहोचलात, तर ६५ सेकंद झाले आणि २५ सेकंद विश्रांती उरली. दमल्यावर वेळ ७५ झाली, तर विश्रांती १५ वर येते. तेवढ्याच जोरात पोहूनही वेळ पाच सेकंदांनी वाढली, की त्या दिवशीचा व्यायाम संपला असे समजावे.

फेरी संपताच गळ्याच्या एका बाजूला हलकेच बोटे ठेवून १० सेकंद नाडी मोजावी व सहाने गुणावे. वेळ तीच, पण ठोके दर फेरीला वाढत असतील, तर तोही थांबण्याचा इशारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते. अशांनी नाडीवर विसंबू नये.

दोन तलावांतल्या वेळांची तुलना करू नका. सोसायटीचे तलाव लहान असतात, आणि २५ मीटरच्या तलावात जास्त वेळा भिंत रेटायला मिळते, म्हणून वेळ कमी लागते.

सेकंद वाचवण्यासाठी श्वास रोखून पोहू नये. पाण्यातच शुद्ध हरपू शकते. एकट्याने पोहू नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणे, यांपैकी काहीही झाले तर फेरी अर्धवट सोडून बाहेर यावे व लगेच डॉक्टरांना गाठावे. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी वेगाचा सराव सुरू करण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.