धूर चुलीचा, दमा बाईचा

"डॉक्टर, मी कधी तंबाखूला शिवले नाही, मग मला दमा कसा?" पन्नाशी ओलांडलेल्या भगिनी हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यावर मी उलट विचारतो, "स्वयंपाक कशावर करता? आंघोळीचं पाणी कशावर तापतं?" निम्मे निदान त्या उत्तरात सापडते.

लाकूड, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या पूर्ण जळल्या नाहीत की धूर होतो. म्हणजे धूर हे न जळलेले इंधनच. ते वायाही जाते आणि छातीतही जाते. त्यातले २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकात, घशात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात. वर्षानुवर्षांच्या अशा माऱ्याने श्वासनलिका आकसतात आणि जो विकार जडतो त्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात. लोक त्यालाही दमाच म्हणतात, पण या विकारात आकसलेल्या नलिका औषधाने पूर्ववत होत नाहीत. नळीत फुंकून करायच्या स्पायरोमेट्री या साध्या तपासणीने तो ओळखता येतो. आईच्या मांडीवरच्या बाळाला याच धुराने न्यूमोनियाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीही सिलिंडर आला. पण अनेक घरांत तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता असतो, भाकरी चुलीवरच. दुसरी टाकी परवडत नाही, हे कारण खरे आहे. चुलीवरच्या भाकरीच्या चवीबद्दल मी वाद घालत नाही. मात्र फुफ्फुसे धुराची बेरीज करतात. म्हणून गॅस मोजकाच असेल तर तो चहाला न वापरता भाकरीला वापरा, कारण तेव्हाच बाई चुलीच्या तोंडाशी सर्वांत जास्त वेळ बसते.

गॅस पुरवायचा तर डाळ, कडधान्ये आधी भिजवा, कुकर वापरा, भांड्यावर झाकण ठेवा. पाणी उकळल्यावर ज्योत कितीही मोठी केली तरी ते अधिक तापत नाही, नुसती वाफ होते. तेव्हा आच बारीक करा. शेवटी हा गॅसही खनिज इंधन आहे. देशाला लागतो त्यातला निम्म्याहून अधिक परदेशातून येतो, त्याचा भाव आपल्या हातात नाही.

घरी चार-पाच जनावरे असतील तर गोबरगॅस मला सर्वांत पटतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. गोवरी जाळली की खतही जळते. इथे गॅस मिळतो आणि उरलेली मळी शेताला जाते. थंडीत गॅस थोडा कमी निघतो, इतकेच.

आता बंबाविषयी. स्वयंपाक गॅसवर होणाऱ्या घरांतही अंगणातला बंब रोज पेटतो आणि त्यात चिपाडांबरोबर प्लॅस्टिक, रबरी चपला, टायरचे तुकडे जातात. तो धूर लाकडाच्या धुराहून विषारी. ऐपत असेल त्यांनी छतावर सौर बंब बसवावा. लहान कुटुंबाला शंभर लिटरचा पुरतो. पावसाळ्यात तो रुसतो, हे धरून चालावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निदान प्लॅस्टिक व रबर बंबात घालू नये.

चुलीशिवाय गत्यंतर नसेल तर ती पडवीत मांडा. लाकूड वाळलेले, बारीक फोडलेले असावे. ओल्या लाकडाची बरीच आच त्यातले पाणी आटवण्यातच जाते. धुराड्यातली काजळी वरचेवर काढा, नाहीतर बिनधुराची चूलही धुरकटते.

आणखी एक. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. खोलीतल्या सगळ्यांचेच डोके दुखू लागले, मळमळले, गुंगी आली, तर आधी सर्वांना उघड्यावर आणा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. तिथे पोचल्यावर शेगडी होती हे डॉक्टरांना न विसरता सांगा.