फ्यूज गेला, पण कशामुळे?

हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलडाणा

चि. सागर यास काकाचे आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गिऱ्हाइकाचा कपडे वाळवायचा ड्रायर भलताच तापतो, थर्मल फ्यूज बदलला तरी पुन्हा जातो, आणि तुझे मालक म्हणतात, फ्यूज काढून दोन वायरी जोडून दे अन् मोकळा हो. ते मात्र करू नकोस.

आपल्याकडे काय चालतं ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. वावरातल्या मोटरीचा फ्यूज सारखा जातो म्हणून लोक जाड तार आवळतात. मग तार शाबूत राहते आणि मोटर माझ्याकडे रिवायंडिंगला येते. तिथं निदान नुसती कॉइल जळते. ड्रायरमध्ये कपडे भरलेले असतात, आणि कोपऱ्याकोपऱ्यात लिंट, म्हणजे कपड्यांच्या तंतूंचा भुसा. ऑगस्ट 2016 मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका उंच इमारतीला आग लागली, ती एका घरातल्या ड्रायरमधूनच.

ड्रायर बहुतेक वेळा तापतो तो हवा अडल्यामुळे. हीटर नेहमीचीच उष्णता देत असतो, ती बाहेर जात नाही. म्हणून आधी मागचा पाइप काढ आणि रिकामा ड्रायर थोडा वेळ चालव. हवा जोरात आली तर दोष पाइपात आहे, मंद आली तर मशीनच्या आत. तुमच्या तिकडे पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाइप भिंतीला चेपलेला सापडेल, नाहीतर बाहेरच्या तोंडावर कबुतरांसाठी लावलेली बारीक जाळी लिंटनं बुजलेली. सुरकुत्यांचा चंदेरी पाइप असेल तर तो काढून गुळगुळीत पत्र्याचा, जमेल तितका आखूड आणि सरळ बसवायला सांग. लिंटचा फिल्टर बाहेर काढून त्यावर पाणी ओतून पाहा. पाणी जाळीवरच थांबलं तर सॉफ्टनरचा थर बसलाय. साबण लावून ब्रशनं घास. पाइपच नसेल तर मशीन कंडेन्सरवालं आहे. त्याचा कंडेन्सर साफ कर.

एवढं झाल्यावरच मशीन उघड, तेही प्लग काढून. ब्लोअरचा पंखा दांड्यावर सैल फिरत नाही ना, ते हातानं बघ. थर्मोस्टॅट थंड असताना मीटरवर जोडलेला दिसला म्हणून चांगला समजू नकोस, चिकटलेलाही तसाच दिसतो. तापवून तपास, त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो सुटला पाहिजे. हीटरची कॉइल लोंबून पत्र्याला टेकली असेल तर आरसीसीबी पडेल, आणि अर्थिंग नसेल तर बॉडीला करंट येईल. तेव्हा अर्थिंगही बघून घे.

(इकडे कपडे दोरीवर वाळतात, म्हणून काकाला काय कळतं म्हणू नकोस. गरम होणाऱ्या यंत्रांची जात एकच.)

मालक रागावले तरी वायरी जोडून देऊ नकोस. आणि बिलावर ‘फ्यूज बदलला’ एवढंच न लिहिता तो कशामुळे गेला तेही लिहीत जा.

तुझा,
काका