इंग्रजीच्या पाठात केवलप्रयोगी अव्यये

इंग्रजीच्या आठ शब्दजातींपैकी ‘इंटरजेक्शन’ ही शेवटची म्हणून शिकविली जाते, आणि तीही बहुधा तास संपता संपता. ‘अलास म्हणजे अरेरे, हुर्रा म्हणजे वाहवा’ अशी यादी फळ्यावर लिहिली जाते व मुले ती पाठ करतात. मग हातातला खडू मोडला तरी मूल ‘अलास!’ म्हणते. हा शब्द आजच्या इंग्रजी बोलण्यातून जवळजवळ लुप्त झाला आहे. जुन्या कथाकवितांत तेवढा तो आढळतो.

वास्तविक हा भाग मराठी मुलास सर्वांत सुलभ वाटावा. मराठीतही शब्दांच्या जाती आठच मानतात आणि केवलप्रयोगी अव्यय ही त्यांतीलच एक. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून पाश्चात्त्य व्याकरणाची ही मांडणी मराठीत रुळत गेली. यास्काने मात्र नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग केले होते. ग्रीक व्याकरणकारांनीही उद्गारांना निराळी जात दिली नव्हती. लॅटिनमध्ये ‘आर्टिकल’ नसल्याने रिकाम्या झालेल्या जागी ही जात आली आणि आठांची संख्या कायम राहिली!

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. घरी इंग्रजीचा गंध नसलेले मूल वर्गात गप्प राहते, कारण वाक्य बोलावयाचे तर कर्ता, क्रियापद, काळ हे सारे जुळवावे लागते. केवलप्रयोगी अव्ययास यांपैकी कशाचीच गरज नाही. एका शब्दात वाक्याचे काम होते, आणि भित्र्या मुलाच्या तोंडून निघणारा पहिला निर्दोष इंग्रजी उद्गार हाच असू शकतो. तेव्हा ही शब्दजात शेवटी ठेवण्याचे कारण नाही.

पाठाचा आरंभ मुलांच्या स्वतःच्या बोलीपासून करावा. ठेच लागली की तुम्ही काय म्हणता, असे विचारावे. ‘आई गं!’ हे उत्तर फळ्यावर लिहून त्याशेजारी ‘आउच!’ लिहावे. नागपूरकडील मूल नवलाने ‘बापा!’ म्हणेल, ते अशुद्ध ठरवून पुसू नये, त्याशेजारी ‘वॉव!’ किंवा ‘ओह!’ लिहावे. रामटेककडील गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांचा घरचा उद्गार आवर्जून विचारावा.

येथे अर्थ शब्दापेक्षा स्वरात अधिक असतो. मराठीतील ‘अरे’ आश्चर्याने, रागाने वा कळवळ्याने उच्चारता येतो. इंग्रजी ‘ओह’चेही तसेच आहे. शिक्षकाने तो तीन तऱ्हांनी म्हणून दाखवावा आणि भाव कोणता ते मुलांनी ओळखावे. या खेळाने जे साधते ते यादीने साधत नाही.

काही शब्द फसवे आहेत. ‘वेल, लेट अस गो’ यातील ‘वेल’ म्हणजे विहीर नव्हे व चांगलेही नव्हे. तो ‘बरं तर’ या अर्थी आलेला उद्गार आहे. उलट ‘व्हॉट अ स्वीट ऑरेंज!’ हे वाक्य उद्गारार्थी खरे, परंतु त्यात केवलप्रयोगी अव्यय नाही. ‘अबब! केवढी गर्दी!’ यात ‘अबब’ केवलप्रयोगी, तर ‘केवढी’ हे विशेषण. हेच उदाहरण आधी दिल्यास मुलांचा गोंधळ होत नाही.

लेखनात भावना तीव्र असेल तर उद्गारचिन्ह द्यावे, सौम्य असेल तर स्वल्पविराम पुरे. चिन्ह एकच द्यावे. दोन-तीन देण्याची सवय अलीकडे मुलांना मोबाइलवरून लागते. हाक मारताना किंवा प्रार्थनेत येणारा ‘ओ’ एकाच मोठ्या अक्षराने लिहितात आणि त्यापुढे स्वल्पविराम येत नाही. एच जोडलेला ‘ओह’ वाक्याच्या मध्ये आल्यास लहान अक्षराने लिहावा.