सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा

मुलांनो, खेडहून कशेडी घाटाकडे तुम्ही कधी सायकलने गेला आहात का? भरणे नाक्यापर्यंत सगळे हसतखेळत जातात. पुढे घाट लागला, की पायांत गोळे येतात. मग खाली उतरायचे आणि सायकल हाताने ढकलायची! मीही लहानपणी हेच करत असे.

अशाच दोन चाकांवर बसून पुण्याची एक मुलगी पृथ्वीला फेरी मारून आली. तिचे नाव वेदांगी कुलकर्णी. ती इंग्लंडमधील बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती. जुलै 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातून ती निघाली, तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

तुम्ही विचाराल, वाटेत समुद्र आले तेव्हा तिने काय केले? समुद्र विमानाने ओलांडायला परवानगी असते. मात्र निदान 29,000 किलोमीटर सायकल चालवावीच लागते. दिशाही एकच ठेवावी लागते. शिवाय पृथ्वीगोलावर एकमेकांच्या अगदी विरुद्ध असलेल्या दोन जागा गाठाव्या लागतात. वर्गातला पृथ्वीगोल घ्या. न्यूझीलंडमधून सुई आरपार घातली, तर ती स्पेनमध्ये बाहेर निघेल. वेदांगी या दोन्ही देशांतून गेली.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, मग पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंतचा युरोप आणि पुढे रशिया असा तिचा मार्ग होता. काही दिवशी ती 300 किलोमीटरपर्यंत सायकल चालवत असे. हे अंतर खेड ते मुंबई अंतरापेक्षाही जास्त आहे! बहुतेक वाट तिने एकटीने कापली. तंबू, कपडे, हत्यारे, सारे ओझे सायकलवरच. चाक पंक्चर झाले, तर ते काढणारी तीच.

कॅनडात एक अस्वल तिच्या मागे लागले. स्पेनमध्ये चोरट्यांनी चाकू दाखवून तिला लुटले. त्यात तिच्या डोक्याला मार लागला. व्हिसाच्या कामातही दिवस मोडले. रशियात पोहोचेपर्यंत थंडी सुरू झाली होती. तिथे बर्फात तंबू ठोकून तिने एकटीने रात्री काढल्या. या प्रवासात तिने 37 अंशांचे ऊन सोसले आणि शून्याखाली 20 अंशांची थंडीही सोसली.

महिलांचा जुना विक्रम 144 दिवसांचा होता. तो मोडावा, ही वेदांगीची इच्छा होती. पण ती वाटेतच असताना, ऑक्टोबर 2018 मध्ये, स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहम यांनी 124 दिवसांत फेरी पूर्ण केली. वेदांगी तर आधीच मागे पडली होती. विक्रम हातचा गेला. अंगात दुखणे, समोर बर्फ आणि पुढे हजारो किलोमीटर रस्ता. घरी परतली असती, तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. मला या प्रवासातली हीच जागा अस्वलापेक्षा अवघड वाटते.

ती पुढे निघाली. रशियाहून ती भारतात आली आणि उरलेले सुमारे 4,000 किलोमीटर तिने आपल्याच देशातल्या रस्त्यांवर पार केले. 23 डिसेंबर 2018 रोजी कोलकात्यात तिचे 29,000 किलोमीटर पूर्ण झाले. दिवस लागले 159. पण प्रदक्षिणा जिथून सुरू होते, तिथेच संपावी लागते. विमानाने पुन्हा पर्थला जायचे आणि सुरुवातीच्या जागेपर्यंतचे शेवटचे 15 किलोमीटर कापायचे, एवढेच काम आता उरले होते.

शब्दार्थ
प्रवास – सफर. अंतर – फासला. ओझे – वजन, भार. प्रदक्षिणा – सभोवती मारलेली फेरी. नावे ठेवणे – दोष देणे. दिवस मोडणे – दिवस वाया जाणे.

स्वाध्याय
1. वेदांगीला विक्रम का करता आला नाही?
2. ‘हातचा जाणे’ हा वाक्प्रचार वापरून वाक्य तयार करा.
3. लेखकाला प्रवासातली कोणती जागा अवघड वाटते? तुम्हांला कोणती वाटते? का?
4. नकाशात पर्थ ते कोलकाता हा मार्ग पेन्सिलीने काढा.