तेलाची पट्टी

मुलांनो, औरंगपुऱ्यातून जाताना तुम्ही रोज रिक्षा, स्कूटर आणि मोटारींची गर्दी पाहता. पेट्रोल आणि डिझेलवर चालणाऱ्या या गाड्यांच्या पोटात एक वस्तू असते. ती रस्त्यावरून दिसत नाही. ती म्हणजे इंजिनातील तेल.

या तेलाला वंगण म्हणतात. गाडी चालू असताना इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेते. त्यातले धातूचे भाग एकमेकांवर घासतात. तेलाचा पातळ थर त्यांची झीज कमी करतो, उष्णता वाहून नेतो आणि आतली घाण धुऊन काढतो. पण काही तेल जळते, कधी गळते. म्हणून ते कमी होते.

मला हे उशिरा कळले. निवृत्तीनंतर अब्बांनी एक जुनी मोटार घेतली. एका सुटीत आम्ही नानींना भेटायला खुलताबादला निघालो. दौलताबादचा घाट चढताना समोर लाल दिवा लागला. त्यावर तेलाच्या झारीचे चित्र होते.

अब्बा म्हणाले, "थांब, बघू या."

मी म्हणालो, "अब्बा, दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग केली आहे. आता खुलताबाद आलेच."

थोड्याच वेळात इंजिनातून खडखड आवाज आला. इंजिन जाम झाले. नानी दुपारभर दारात वाट पाहत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी रागाने गॅरेजमध्ये गेलो. "तुम्ही तेल बरोबर भरले नाही," असे मिस्त्रींना सुनावले.

म्हातारे मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सर, त्या दिवशी तेल पूर्ण भरले होते. वहीत लिहिले आहे. जुनी गाडी तेल खाते. किती खाल्ले, ते मी इथे बसून कसे पाहणार? त्यानंतर तुम्ही किती वेळा पाहिले?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. अब्बांच्या साठवलेल्या पैशांतून दुरुस्ती झाली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

उर्दूतील 'जवाब' तुम्हांला माहीत आहे. मराठीतील 'जबाबदारी' हा शब्द त्याच घरातला. ज्याला जबाब द्यावा लागतो, तो जबाबदार. वाळूजला १९८५ साली बजाजचा आणि शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला. कारखाना गाडी बनवतो, मिस्त्री दुरुस्त करतो. पण रोज तिच्याजवळ असतो तो मालक.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे. तेलाची पट्टी ओढून कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. तेल पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल थोडे थोडे घालावे. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. तेलाला फेस येऊन इंजिन बिघडते. लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. काढलेले काळे तेल गटारात ओतू नये. त्याने पाणी आणि जमीन नासते.

आता दर रविवारी मी पट्टी पाहतो. अब्बा कापड घेऊन शेजारी उभे असतात. तुमच्या घरी मोटार आहे का? मग आज घरातल्या मोठ्यांना एवढेच विचारा, "पट्टी शेवटची कधी पाहिली?"

शब्दार्थ

वंगण – यंत्राचे घर्षण कमी करणारा पदार्थ
झीज – घासून कमी होणे
सुनावणे – रागाने बोलणे
ताबडतोब – लगेच

स्वाध्याय

१. इंजिनात तेल कोणकोणती कामे करते?
२. लेखकाला मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर का देता आले नाही?
३. 'जबाबदार' हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.
४. तेल तपासण्याची कृती क्रमाने सांगा.